चौदा हजारांतला एक तुडतुडा

धानाच्या बांधीत उतरायचं, एक चूड दोन्ही हातांनी फाकवायचं आणि पाण्याच्या जरा वर, बुडाशी डोळे नेऊन मोजायचं. दहा तुडतुडे दिसले की कृषी खात्याच्या हिशोबाने फवारणीचा विचार करायची वेळ झाली. काही सल्लापत्रकांत हा आकडा पाचपासून सुरू होतो.

दहा म्हणजे ऐकायला किरकोळच. किडा जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटरचा, तपकिरी, बोट जवळ नेलं की तिरका चालत देठामागे दडणारा. पण रोवणी २० बाय १५ सेंटिमीटरवर झाली असेल, तर हेक्टरी ३ लाख ३३ हजार चुडं बसतात. प्रत्येकात दहा म्हणजे ३३ लाख तुडतुडे. एकाचं वजन दोन मिलिग्रॅम धरलं तर हे ३३ लाख मिळून सात किलोही भरत नाहीत. शेत करपायला लागतं तेव्हा मात्र एकेका चुडावर शेकडो किडे असतात. पाचशे धरून गुणाकार करा. हेक्टरी साडेसोळा कोटींच्या वर जीव आणि वजन तीन क्विंटलहून जास्त. हे तीन क्विंटल रात्रंदिवस देठातला रस ओढत असतात. मग हिरव्या बांधीत मधेच गोल चट्टे पडतात, पीक वाळून तपकिरी होतं आणि दुरून पाहणाऱ्याला कुणी आग लावली की काय असं वाटतं. २०१७ च्या खरिपात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हेच झालं. त्या वर्षी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कापसाच्या बोंडअळीसोबत धानावरच्या तुडतुड्यासाठीही मदत जाहीर करावी लागली.

या किड्याची मादी दोनशे-तीनशे अंडी घालते आणि सुमारे महिन्याभरात नवी पिढी उभी राहते. दोनशे अंडी, त्यांतल्या निम्म्या माद्या आणि सगळ्या जगल्या असं कागदावर धरलं, तर एका मादीच्या शंभर, शंभराच्या दहा हजार आणि तिसऱ्या पिढीला दहा लाख माद्या होतात. म्हणजे एका हंगामात एकीच्या दहा लाख. प्रत्यक्षात असं होत नाही, कारण बांधीत कोळी असतात, अंडी शोषणारे ढेकणासारखे छोटे मित्रकिडे असतात, पाऊस असतो. त्यांची गोष्ट पुढे येईलच.

मला मात्र या गुणाकारातला दहा लाख हा आकडा तितका थक्क करत नाही. थक्क करतो तो त्याच्या सुरुवातीला असलेला एक. समोरचा किडा तोच आहे, त्याचा चुलतभाऊ नाही, हे ठरवायला माणसाला दीडशे-दोनशे वर्षं लागली आणि काम अजून संपलेलं नाही. ओळख पक्की नसेल तर मोजणी म्हणजे नुसती बेरीज.

आपल्याकडे उड्या मारणाऱ्या बारीक रसशोषक किड्यांना सरसकट तुडतुडे म्हणतात. आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे, कपाशीवरचे हिरवे तुडतुडे आणि धानावरचे तपकिरी तुडतुडे ही शेतकऱ्याच्या लेखी एकाच घरची मंडळी. कीटकशास्त्राच्या लेखी पहिले दोन एका घराण्यातले आणि तिसरा भलत्याच. हे तिसरं घराणं म्हणजे प्लँटहॉपर, शास्त्रीय नाव फुल्गोरोमॉर्फा. दोघांतला फरक पाहायला भिंग लागतं. प्लँटहॉपरच्या मिशा डोळ्यांच्या खाली गालावर असतात, बुडाशी दोन जाड पेरं आणि पुढे दोऱ्यासारखं टोक. आंबा-कपाशीवाल्या तुडतुड्यांच्या मागच्या पायाच्या नळीवर काट्यांच्या रांगाच रांगा असतात, प्लँटहॉपरच्या नळीवर मोजकेच.

या घराण्यात आज नाव दिलेल्या जाती चौदा हजारांच्या आसपास आहेत. आज हयात असलेली कुळं किती, तर कुणी एकवीस म्हणतं, कुणी एखादं कमी करतं. एखाद्या लहानशा कुळाला स्वतंत्र चूल मांडू द्यायची की शेजारच्यात सामील करायचं, यावर तज्ज्ञांचं एकमत होत नाही. नामशेष झालेली, फक्त जीवाश्मांत आणि म्यानमारच्या अंबरात सापडलेली कुळं वेगळीच. ते अंबर सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांचं आहे, आणि घराण्याचे सर्वांत जुने जीवाश्म २५ कोटी वर्षांच्याही मागचे, डायनोसॉर यायच्या आधीचे.

एवढ्या मोठ्या गोतावळ्याला नाव मिळालं ते न लागलेल्या दिव्यावरून. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार आणि निसर्गअभ्यासक १६९९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. तिथल्या किड्यांची अप्रतिम चित्रं असलेलं तिचं पुस्तक १७०५ मध्ये ॲमस्टरडॅमला निघालं. त्यात शेंगदाण्याच्या शेंगेसारखं फुगीर डोकं असलेल्या एका किड्याबद्दल तिने लिहिलं, की रात्री त्याचं डोकं उजळतं आणि त्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येतं. लिनिअसने तिच्यावर विश्वास ठेवून १७५८ मध्ये त्या किड्याला कंदिलाचं नाव दिलं, आणि १७६७ मध्ये त्याच्यासाठी ‘फुल्गोरा’ हा वंश काढला. लॅटिनमध्ये त्याचा संबंध विजेच्या लखलखाटाशी. तो किडा अजिबात उजळत नाही. एकही प्लँटहॉपर उजळत नाही. पण नामकरणाचा नियम असा, की आधी दिलेलं नाव चुकीचं असलं तरी टिकतं. त्यामुळे फुल्गोरावरून कुळ, कुळावरून महाकुळ आणि त्यावरून अख्खं घराणं, अशी चौदा हजार जातींवर त्या दिव्याची पाटी लागली ती कायमची.

त्यानंतरचं शतक म्हणजे नावांचा पाऊस. वसाहतींतून युरोपच्या संग्रहालयांत टाचणीला टोचलेले किडे पेट्या भरभरून येत होते, आणि तिथे बसलेली मंडळी त्यांना नावं देत सुटली होती. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या फ्रान्सिस वॉकरने एकट्याने वीस हजारांहून जास्त कीटकजातींना नावं दिली. त्यातली बरीच एकाच किड्याला पुन्हा पुन्हा दिलेली निघाली. १८७४ मध्ये तो गेला तेव्हा एका कीटकशास्त्रीय मासिकाने मृत्युलेखातच लिहून टाकलं, की त्याच्या शास्त्रीय लौकिकाच्या दृष्टीने हे जाणं वीस वर्षं उशिरा झालं. मृत्युलेखात इतकं खरं कुणी लिहीत नाही.

पण याच वॉकरने १८५१ मध्ये नोंदवलेला एक किडा कोल्हापूर-सांगलीच्या ऊसवाल्यांना चांगला ठाऊक आहे. उसाची पाकोळी, म्हणजे पायरिला. तीही प्लँटहॉपरच, मात्र तिचं कुळ वेगळं, लोफोपिडी. पाचटाकडची पानं उलटी करून पाहिलीत तर पांढऱ्या कापसाखाली झाकलेली अंडी सापडतात, आणि पिल्लांच्या मागे मेणाच्या दोन पांढऱ्या पिसांसारख्या शेपट्या दिसतात. ही पिल्लं हात लावताच टुणकन उडतात. वॉकरची इतर नावं कितीही पुसली गेली असोत, पाकोळीचं टिकलं.

धानावरच्या तपकिरी तुडतुड्याचं काय झालं ते जास्त मासलेवाईक आहे. स्वीडनच्या कार्ल स्टॉलने १८५४ मध्ये जावा बेटावरच्या नमुन्यावरून त्याला ‘डेल्फॅक्स ल्युजेन्स’ असं नाव दिलं. १९०६ मध्ये डब्ल्यू. एल. डिस्टंट याने ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेत हाच किडा नवा समजून ‘निलापर्वता ग्रीनाय’ म्हणून नोंदवला. त्याच ग्रंथात तोच किडा ‘कल्पा ॲक्युलिएटा’ या नावानेही आला. एकच लेखक, एकच पुस्तक, एकच किडा, आणि दोन वेगवेगळे वंश. जपानच्या मात्सुमुराने त्याच वर्षी त्याला भातावरून आणखी एक नाव दिलं. पुढच्याच वर्षी कर्कल्डी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने (तो पुढे भेटेलच) अजून भर घातली. शेवटी हिशोब लागला तेव्हा या एका किड्याच्या नावावर अर्धा डझनाहून जास्त नावं निघाली. आज त्याला निलापर्वता ल्युजेन्स म्हणतात, म्हणजे वंश डिस्टंटचा आणि जात स्टॉलची. नील पर्वत मनात येत असेल तर येऊ द्या, किड्याला त्याचं काही नाही.

हुशार माणसं असं का चुकत होती? एक कारण किड्याच्या अंगावरच आहे. याच किड्याचे दोन अवतार असतात. एक लांब पंखांचा, उडून जाणारा. दुसरा आखूड पंखांचा, ढोल्या पोटाचा, आहे तिथेच राहून अंडी घालणारा. रोप कोवळं असेल, खायला भरपूर असेल तर आखूड पंखांच्या माद्या जास्त निघतात. रोप पिकायला लागलं, गर्दी झाली की लांब पंखांचे तुडतुडे निघून बाहेर पडतात. एकाच आईची दोन लेकरं शेजारी ठेवली तर नवखा माणूस त्यांना वेगळ्या जाती म्हणेल. हा पंखांचा निर्णय किड्याच्या शरीरात कसा होतो, हे चीनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. इन्शुलिनचा निरोप घेणारी दोन ग्राहक-प्रथिनं आहेत. त्यातल्या एकामुळे पंख लांब होतात, दुसरं त्याला अडवतं. आपल्या मधुमेहाशी जोडलेली यंत्रणाच इथे भातावरच्या किड्याला थांबायचं की निघायचं ते सांगते.

नावांचा हा गोंधळ निस्तरला कुठे, तर पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर, आणि तोही साखरेच्या पैशांवर. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून आलेल्या उसाच्या बेण्यासोबत एक प्लँटहॉपर हवाईत शिरला आणि काही वर्षांत मळेच्या मळे त्याने आडवे केले. जॉर्ज विलिस कर्कल्डीने १९०३ मध्ये त्याला नाव दिलं, पर्किन्सिएला सॅकॅरिसिडा, म्हणजे उसमाऱ्या. कर्कल्डी हवाईच्या साखर मळेवाल्यांच्या संघटनेत नोकरीला होता. विद्वान, पण वात्रट. दुसऱ्या काही कीटकांना त्याने १९०४ मध्ये ओकिस्मी, पेगिकिस्मी, पॉलिकिस्मी, नॅनिकिस्मी अशी भारदस्त ग्रीक वाटणारी नावं दिली. मोठ्याने वाचली की पेगी, पॉली, नॅनी अशा बायकांकडे चुंबन मागितल्यासारखं ऐकू येतं. लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाने १९१२ मध्ये त्याचा निषेध केला, पण तोवर कर्कल्डी जाऊन दोन वर्षं झाली होती. नावं नियमात बसत असल्याने राहिली.

खरं काम केलं ते त्याच संघटनेतल्या फ्रेडरिक म्युअर या इंग्रजाने. त्याला उसमाऱ्याचा शत्रू शोधायचा होता, आणि शत्रू शोधायचा तर आधी किडा आणि त्याचे भाऊबंद नीट ओळखावे लागतात. फिजी, न्यू गिनी, मोलुक्का बेटं, फिलिपिन्स, तैवान असा तो वर्षानुवर्षं हिंडला. १९२० मध्ये उसमाऱ्याची अंडी शोषणारा एक बारीकसा ढेकूण त्याने हवाईत आणला, आणि साखरवाल्यांचं संकट ओसरलं. पण या भटकंतीत त्याने प्लँटहॉपरच्या वर्गीकरणाचा पायाच बदलून टाकला. १९१५ मध्ये डेल्फॅसिडी कुळावर आणि पुढे १९२३ आणि १९३० मध्ये अख्ख्या घराण्यावर त्याने जे निबंध लिहिले, त्यांचं सार असं: रंग पाहू नका, पंख पाहू नका, नराचं जननांग पाहा.

ते पाहतात कसं, हे एकदा जवळून समजून घेण्यासारखं आहे. मेलेल्या नराच्या पोटाचं टोक बारीक चिमट्याने तोडून घ्यायचं. दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ते गरम करायचं. मांस, चरबी विरघळून जाते आणि उरतो काचेसारखा पारदर्शक, तपकिरी सांगाडा. पाण्यात धुवायचा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईने फिरवायचा. ही सगळी वस्तू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिच्यात एक नळी, दोन आकडे, काही काटे. नळीला बाक डावीकडे की उजवीकडे, आकड्याचं टोक दुभंगलेलं की अखंड, काटे दोन की तीन, यावर जात ठरते. बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन तुडतुडे इथे येऊन वेगळे होतात. मादीच्या अंगावर इतकी ठळक खूण सहसा नसते. म्हणजे निम्मी लोकसंख्या ओळखपरेडीतून आपोआप बाद.

ज्या कुळाचा पाया म्युअरने असा घातला, ते डेल्फॅसिडी. धानावरचा तपकिरी तुडतुडा, पांढऱ्या पाठीचा तुडतुडा, ज्वारीच्या पोंग्यात बसून माव्यासोबत चिकटा पाडणारा तुडतुडा, हवाईचा उसमाऱ्या, हे सगळे याच कुळातले. चारशेहून जास्त वंश आणि बावीसशेच्या आसपास जाती. वंशामागे सरासरी पाच जाती पडतात, पण सरासरी इथे फसवी आहे. कित्येक वंशांत एकच जात असते आणि एखाद्या वंशात शंभराच्या आसपास. उपकुळं सहा मानतात. जर्मनीच्या मानफ्रेड आशेने १९८५ मध्ये लावलेली घडी त्याच्या मुळाशी आहे. त्यातल्या एका उपकुळातल्या डेल्फॅसिनी या एकाच शाखेत कुळाच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश जाती कोंबलेल्या आहेत. दुसऱ्या टोकाला काही उपकुळांत बोटांवर मोजण्याइतक्याच.

ही विषमता का, याचं उत्तर २०१० मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी डीएनए आणि शरीररचना एकत्र तपासून दिलं. कुळाच्या पूर्वजांनी गवताकडे मोर्चा वळवला आणि तिथून जातींचा सुकाळ झाला. पृथ्वीवर गवताळ जमिनी पसरत गेल्या, तसे हेही पसरले. ज्वारी, मका, ऊस, भात, गहू ही आपण निवडलेली गवतंच. हजारो हेक्टरवर एकाच जातीचं, एकाच वयाचं, भरपूर युरिया टाकलेलं कोवळं गवत आपण लावतो. तुडतुड्याच्या कुळाने जे अन्न शोधायला लाखो वर्षं घालवली, ते आपण रांगेत मांडून दिलं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या झेनो पेन मेटकाफ याने हे सगळं कागदावर एकत्र आणायचं मनावर घेतलं. कुणी, कुठे, कधी, कोणत्या पानावर कोणत्या किड्याला काय म्हटलं, याची ती यादी. एकट्या डेल्फॅसिडी कुळाचा १९४३ चा भाग साडेपाचशे पानांचा आहे. १९५६ मध्ये मेटकाफ गेला, तरी त्याने तयार करून ठेवलेले खंड निघतच राहिले. आज ते काम पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात तिएरी बुर्ग्वां यांच्या पुढाकाराने ‘फ्लो’ या संगणकीय सूचीत चालतं. इतक्या जुन्या नावांचा हा जमाखर्च कुणीतरी रोज बसून जुळवतं, याचं मला त्या चौदा हजारांपेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

जपानमध्ये ओळखीचा प्रश्न जिवावर बेतलेला होता. १७३२ मध्ये पश्चिम जपानात तुडतुड्यांनी भात फस्त केला आणि क्योहो दुष्काळ पडला. बळींचा अधिकृत आकडा बारा हजारांच्या आसपास, पण तोकुगावा राजवटीच्या इतिवृत्तात तो नऊ लाखांच्या वर जातो. दोन आकड्यांतली ही दरी कोण किती लपवत होतं हे सांगायला पुरेशी आहे. त्या काळातले शेतकरी भाताच्या पाण्यावर देवमाशाचं तेल ओतायचे आणि रोपं हलवून किडे त्यात पाडायचे. रात्री मशाली घेऊन, साइतो सानेमोरी या योद्ध्याची पेंढ्याची बाहुली मिरवत गावाबाहेर किडे ‘सोडून’ यायचे. भाताच्या खुंटाला अडखळून तो पडला आणि मारला गेला, म्हणून त्याचा आत्मा किडा होऊन भातावर उठला, अशी समजूत.

शास्त्रज्ञांनाही एक गोष्ट कळत नव्हती. हिवाळ्यात हा किडा जपानमध्ये सापडत नाही, मग दर उन्हाळ्यात येतो कुठून? कुठेतरी गवतात दडून राहत असेल, असं दीर्घकाळ धरून चालले होते. जुलै १९६७ मध्ये जपानच्या दक्षिणेला किनाऱ्यापासून सुमारे ५०० किलोमीटर आत समुद्रात उभ्या असलेल्या एका हवामान जहाजावर तुडतुड्यांचे थवेच्या थवे येऊन कोसळले. पकडून पाहिले तर भातावरचे. चारी बाजूंना पाणी, भाताचं एक पातं नाही. मग उलगडा झाला. पावसाळी वाऱ्याच्या पट्ट्यावर स्वार होऊन हे दक्षिण चीनहून येतात, आणि चीनमध्ये ते उत्तर व्हिएतनामकडून आलेले असतात. चोवीस-छत्तीस तास अखंड हवेत. किड्याची लांबी पंखांसकट चार मिलिमीटर धरली तर ५०० किलोमीटर म्हणजे त्याच्या देहाच्या साडेबारा कोटी लांब्या. पाच फूट पाच इंचाच्या माणसाला त्या मापाने दोन लाख किलोमीटर जावं लागेल, चंद्राच्या वाटेवर अर्ध्याच्या पुढे.

आता या प्रवाशांची मोजदाद करायची तर आशियात निलापर्वता वंशातल्या तीन जाती एकमेकींत मिसळलेल्या असतात. ल्युजेन्स भातावर जगतो, बेकेराय आणि म्युअराय हे दोघे बांधावरच्या गवतावर. प्रकाशसापळ्यात तिघेही पडतात आणि नुसत्या डोळ्यांना एकच दिसतात. सापळ्यात हजार किडे सापडले म्हणून इशारा द्यायचा, तर त्यातले भाताचे किती हे आधी सांगता यायला हवं. ते सांगायला ग्लिसरीनचा तो थेंबच लागतो.

आणि कधी कधी तोही पुरत नाही. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ मध्ये तुडतुड्याला दाद न देणारं आयआर-२६ हे वाण दिलं. दोन-तीन वर्षांत ते खाणारे तुडतुडे तयार झाले. रूप तेच, जननांग तेच, पचवायची ताकद मात्र नवी. मग १९७६ मध्ये आयआर-३६ आलं, ते एक कोटी हेक्टरांवर पसरलं, आणि त्याचीही ढाल पुढे बोथट झाली. प्रतिकाराची चाळीसहून जास्त जनुकं आजवर शोधली गेली आहेत. इंडोनेशियात फवारणी वाढवून पाहिली. कोळी आणि मित्रकिडे आधी मेले आणि तुडतुडे वाढले. सुरुवातीला जो कागदावरचा दहा लाखांचा गुणाकार मांडला, तो रोखणारे हेच कोळी होते. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी एका आदेशाने भातावरची ५७ कीटकनाशकं बंद केली. धानपट्ट्यात आजही दहा दिसले न दिसले तोच पंप पाठीवर घेतला जातो, तिथल्या कीटकनाशकांच्या दुकानदारांनी हा किस्सा वाचावा.

शरीराचे आकडे आणखी चक्रावणारे आहेत. युरोपात आयव्हीच्या वेलीवर राहणारा ‘इसस’ नावाचा प्लँटहॉपर एका मिलिसेकंदाच्या आत उडी मारतो. निघतानाचा वेग सेकंदाला साडेपाच मीटर, आणि अंगावर येणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सातशे पट. आपण त्याच्या एका बारीक अंशानेच बेशुद्ध पडतो. एवढ्या घाईत एक पाय जरा आधी सुटला तर किडा गिरकी घेईल. म्हणून त्याच्या पिल्लांच्या मागच्या दोन पायांच्या बुडाशी एकमेकांत अडकणारे दाते असतात, प्रत्येक बाजूला दहा ते बारा. केंब्रिजच्या माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी २०१३ मध्ये ते उजेडात आणले. या दातांमुळे दोन्ही पाय सेकंदाच्या ३० दशलक्षांश भागाच्या आत एकत्र सुटतात. पिल्लू शेवटची कात टाकतं तेव्हा दातेही कातीसोबत जातात, आणि प्रौढ किडा त्यांच्याशिवाय आणखी चांगली उडी मारतो.

धानाच्या तपकिरी तुडतुड्याचा जनुकसंच २०१४ मध्ये वाचला गेला. अक्षरं ११४ कोटी, जनुकं सत्तावीस हजारांच्या वर. माणसाची जनुकं वीस हजारांच्या आसपास. याउलट हवाईतल्या ‘ओलिॲरस’ या प्लँटहॉपरच्या पोटातल्या व्हिडानिया नावाच्या जिवाणूचा जनुकसंच जेमतेम १ लाख ३६ हजार अक्षरांचा आहे. किड्याला रसातून न मिळणारी अमिनो आम्लं हा जिवाणू पुरवतो, आणि बदल्यात त्याने स्वतःचं जवळजवळ सगळं विसरून टाकलं आहे. याच ओलिॲरस वंशातली पॉलिफेमस ही जात हवाईच्या लाव्हाच्या बोगद्यांत राहते. डोळे नाहीत, रंग नाही, अंधारात मुळं चोखायची. नर-माद्या एकमेकांना मुळांतून जाणाऱ्या कंपनांनी साद घालतात. एका बोगद्यातली साद दुसऱ्या बोगद्यातल्या सादेशी जुळत नाही, म्हणजे ही जात एक आहे की अनेक, हाही वाद. ज्या बेटावर ते राहतात, त्याचं वयच दहा लाख वर्षांच्या आतलं.

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरांना या घराण्याची ओळख वेगळ्याच वाटेने झाली आहे. लाल-करड्या ठिपकेदार पंखांची ‘लँटर्नफ्लाय’ २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत पहिल्यांदा सापडली, आणि दिसली की पायाखाली चिरडा, असं सरकारच सांगू लागलं. तीही फुल्गोरिडी कुळातली, त्या न लागलेल्या दिव्याच्या सख्ख्या वंशावळीत.

दिवाळीच्या आसपास धानपट्ट्यात रस्त्यावरच्या दिव्याखाली किड्यांचा खच पडतो. मोबाईलला लावायचं स्वस्त मॅक्रो भिंग जवळ असेल तर त्यातल्या एखाद्याचा फोटो काढून आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाणासह टाका. आपल्याकडच्या नोंदी तिथे फारच कमी आहेत. फोटो मात्र वरून काढू नका, बाजूने काढा, मागचा पाय पूर्ण दिसेल असा. नळीच्या टोकाला एक जाडसर, हलणारा काटा दिसला तर तुमचा पाहुणा डेल्फॅसिडी कुळातला आहे. नाही दिसला, पण मिशा डोळ्यांखाली असल्या, तर अजून वीस कुळं शिल्लक आहेत.